रुग्ण घटले म्हणून फवारणी थांबवण्याआधी: हिवताप नियंत्रणाच्या नियोजकांना खुले पत्र

प्रति,
हिवताप नियंत्रणाचे नियोजन व निधीवाटप करणारे अधिकारी आणि त्यांच्या सल्लागार समित्यांचे सदस्य

महोदय / महोदया,

हिवतापाच्या कार्यक्रमाचा निधी वाटताना मागील वर्षांची रुग्णसंख्या हाच सहसा मुख्य आधार धरला जातो. जिथे रुग्ण जास्त, तिथे मच्छरदाण्या, फवारणी आणि मनुष्यबळ जास्त. जिथे रुग्ण घटले, तिथे पुढच्या वर्षी कपात. ही रीत न्याय्य वाटते, लेखापरीक्षणात टिकते आणि बैठकीत समजावून सांगायलाही सोपी असते. साथरोगांच्या गणितावर काम करणाऱ्याला मात्र तिच्यात एक मूलभूत दोष दिसतो, आणि तो आपल्यासमोर मांडावा एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. नोंदलेली रुग्णसंख्या ही एखाद्या प्रदेशाची हिवताप पसरवण्याची मूळ क्षमता आणि त्या क्षमतेवर आपण घातलेला आवर या दोहोंच्या वजाबाकीतून उरलेली बाकी असते. निव्वळ बाकी पाहून आवर किती ठेवायचा हे ठरवले, तर जिथे आवर सर्वांत चांगला बसला आहे तिथूनच तो पहिल्यांदा काढला जातो.

हा विचार नवा नाही. तो शंभर वर्षांहून जुना आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी पाहिला आणि पुढे डास कमी करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना एका आक्षेपाला वारंवार तोंड द्यावे लागले: सगळे डास मारणे अशक्य आहे, थोडे उरले तरी रोग उरणारच, मग हा खटाटोप कशासाठी? मॉरिशसमधील हिवतापावरच्या १९०८ च्या अहवालात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी याचे उत्तर समीकरणांतून दिले. एका रुग्णापासून, डासांच्या मार्फत, सरासरी किती नवे रुग्ण तयार होतात हे मोजा. हा आकडा एकाहून अधिक असेल तर रोग टिकतो. एकाच्या खाली गेला तर प्रत्येक पिढीत रुग्ण घटत जातात आणि रोग विझतो. म्हणजे डास शून्यावर आणण्याची गरज नाही, ते एका मर्यादेखाली ठेवणे पुरेसे आहे. मात्र ते मर्यादेखाली ठेवण्याचे काम दरवर्षी करावे लागते, कारण ही मर्यादा डासांच्या सवयी, तापमान, पाणी आणि वस्ती यांवर ठरते, आणि आपण एका हंगामात केलेल्या फवारणीने ती बदलत नाही.

रॉस यांचे हे काम १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी पुढे नेले, आणि त्यांच्या सूत्रातली एक गोष्ट प्रत्येक नियोजकाने निदान एकदा स्वतः कागदावर करून पाहावी असे मला वाटते. डासांची मादी संसर्ग झालेल्या माणसाला चावल्यानंतर परजीवी तिच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात बारा दिवस लागतात. २० अंशांत फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीला हाच प्रवास करायला जवळपास २८ दिवस लागतात, आणि १६ अंशांच्या आसपास तो थांबतोच. एवढे दिवस ती मादी जगली तरच ती रोग पसरवू शकते. आता समजा, तिची एक दिवस तग धरण्याची शक्यता ९० टक्के आहे. बारा दिवस तग धरण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे २८ टक्के. घराच्या भिंतींवरील फवारणीने किंवा कीटकनाशक भारित मच्छरदाणीने हीच दैनंदिन शक्यता ८० टक्क्यांवर आणली, तर बारा दिवसांनंतर जिवंत उरणाऱ्या माद्या ७ टक्क्यांहून कमी होतात. शिवाय उरलेल्यांचे पुढचे आयुष्यही निम्म्याहून अधिक घटते. दोन्ही परिणाम गुणले की रोग पसरवण्याची क्षमता जवळपास नऊपटीने खाली येते. डासांच्या अळ्या निम्म्या केल्या तर ती फक्त निम्मी होते. डासांची घनता या सूत्रात एकदाच गुणली जाते. माणसाला चावण्याचा दर दोनदा गुणला जातो, कारण रोग घेण्यासाठी एक चावा लागतो आणि देण्यासाठी दुसरा. आणि डासाचे आयुष्य घातांकात बसलेले आहे. प्रौढ डासावरचे उपाय एवढे प्रभावी का ठरतात याचे कारण या रचनेत आहे. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डीडीटीच्या भरवशावर जागतिक निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यामागच्या आत्मविश्वासाला याच गणिताचा आधार होता.

परंतु घातांकाचा हा लाभ उलट्या दिशेनेही तितक्याच वेगाने फिरतो. फवारणी थांबली, मच्छरदाण्या जुन्या होऊन फाटल्या किंवा डासांमध्ये पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांना प्रतिकार निर्माण झाला, की दैनंदिन तग धरण्याची शक्यता ८० वरून पुन्हा ९० कडे सरकते आणि क्षमता नऊपटीने वर जाते. रुग्णसंख्येच्या तक्त्यात हे लगेच दिसत नाही. डासांचे आयुष्य वाढल्यापासून दवाखान्यात रांग लागेपर्यंत परजीवीच्या एक-दोन पिढ्या जातात, आणि ती रांग अहवालात उतरेपर्यंत आणखी काही महिने.

म्हणून दोन आकडे वेगवेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला मूलभूत पुनरुत्पादन अंक: कोणतेही नियंत्रण नसते आणि कोणालाही प्रतिकारशक्ती नसती, तर एका रुग्णापासून किती नवे रुग्ण झाले असते. दुसरा नियंत्रित पुनरुत्पादन अंक: आज चालू असलेल्या सर्व उपायांसह तो आकडा किती आहे. उदाहरणादाखल दोन जिल्हे घेऊ. पहिल्यात मूलभूत अंक २० आहे आणि उत्तम कामामुळे नियंत्रित अंक ०.८ वर आला आहे. तिथे वर्षाला मोजके रुग्ण सापडतात. दुसऱ्यात मूलभूत अंक १.५ आहे, काम ढिसाळ आहे, नियंत्रित अंक १.२ आहे, तिथे रुग्ण बरेच आहेत. रुग्णसंख्येवर आधारलेले वाटपाचे सूत्र पहिल्या जिल्ह्याचा निधी दुसऱ्याकडे वळवील. दुसऱ्या जिल्ह्यात खरे तर वेळेवर निदान आणि पूर्ण उपचार एवढ्यानेही अंक एकाच्या खाली येऊ शकतो. पहिल्यात मात्र आवर निघाला आणि बाहेरून एक रुग्ण आला, तर त्याच्यापासून वीस, विसांपासून चारशे, चारशेंपासून आठ हजार असा हिशेब सुरू होतो. प्रत्यक्षात ऋतू, उपचार आणि वाढत जाणारी प्रतिकारशक्ती यांमुळे वाढ इतकी सरळ होत नाही, हे मान्य आहे; पण पहिल्या दोन-तीन पिढ्यांची दिशा हीच असते. धरणाखालचे गाव कोरडे आहे म्हणून धरणाच्या दुरुस्तीचा खर्च वाचवण्यासारखेच हे वाटप आहे.

हे केवळ कागदावरचे भय नाही. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, १९६३ साली संपूर्ण देशात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी मागे घेण्यात आली, सर्वेक्षण सैल झाले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस साथ उसळली. १९६९ मध्ये नोंदलेले रुग्ण पाच लाखांच्या वर गेले. त्याच देशाने पुढे चिकाटीने काम केले, २०१२ मध्ये शेवटचा स्थानिक रुग्ण नोंदला, आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये त्याला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. २०१२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९३० च्या दशकापासूनच्या, ६१ देशांतील अशा ७५ पुनरुद्रेकांचा अभ्यास केला गेला. त्यांपैकी ६८ मध्ये नियंत्रण कार्यक्रम दुबळा होणे हे निदान एक कारण होते, आणि दुबळेपणाच्या कारणांत पैशाची टंचाई सर्वाधिक वेळा आढळली. डासांचा किंवा परजीवीचा प्रतिकार आणि लोकांचे स्थलांतर हीही कारणे त्या यादीत आहेत, पण नियोजनाच्या टेबलावर झालेल्या निर्णयाइतका वाटा त्यांचा नाही.

याला एक प्रामाणिक पुरवणी जोडली पाहिजे. ज्या देशांनी निर्मूलन पूर्ण केले, त्यांतल्या बहुतेकांत हिवताप पुन्हा मूळ धरू शकला नाही, जरी बाहेरून रुग्ण येत राहिले. वस्तीची घडण, घरांची रचना आणि आरोग्यसेवेची पोहोच बदलल्यामुळे तिथला मूळ अंकच खाली आला असावा, किंवा प्रत्येक आलेला रुग्ण इतक्या लवकर सापडत असावा की त्याला डास चावण्याआधीच उपचार मिळतात. तेव्हा फवारणी कायमच चालू ठेवा, असे गणित सांगत नाही. मूळ अंक खरोखर घटला आहे, की आपण तो दाबून धरला आहे, एवढे तपासून मगच हात सोडा, असे ते सांगते. ही तपासणी रुग्णसंख्येवरून होत नाही.

रुग्णसंख्या दुसऱ्या टोकालाही फसवते. उत्तर नायजेरियातील गार्की येथे १९६९ ते १९७६ या काळात झालेला प्रकल्प या बाबतीत आजही वाचण्यासारखा आहे. तिथे प्रोपोक्सर या कीटकनाशकाच्या घरांतर्गत फवारणीने डासांची रोगवहनक्षमता सुमारे ९० टक्क्यांनी घटली, पण परजीवी बाळगणाऱ्या लोकांचे प्रमाण केवळ चतुर्थांशाने कमी झाले. फवारणीसोबत संपूर्ण लोकसंख्येला वारंवार औषधे दिली तेव्हा हे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत खाली आले, मात्र प्रसार तुटला नाही आणि उपाय थांबताच ते पुन्हा वर गेले. नियोजकाच्या नजरेतून हे अपयश वाटेल. त्याच प्रकल्पासाठी डिएत्झ, मोलिनो आणि थॉमस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानातून, म्हणजे रोगप्रसाराच्या गणिती आराखड्यातून, याचा अर्थ उलगडतो. माणसाला संसर्गक्षम डासांचे चावे अतिशय मोठ्या संख्येने बसत असतात, तेव्हा त्यांतील बहुतेक चावे आधीच संसर्ग झालेल्या माणसाला बसतात आणि नवा रुग्ण निर्माण करत नाहीत. त्यामुळे चावे दहा टक्क्यांवर आले तरी रक्तातल्या परजीवीचे प्रमाण फारसे हलत नाही. पण तिथून पुढचा प्रत्येक टप्पा मोठी घट देऊ लागतो. म्हणजे जास्त प्रसाराच्या भागात चांगले काम रुग्णसंख्येत दिसत नाही, आणि कमी प्रसाराच्या भागात ढासळते काम रुग्णसंख्येत दिसत नाही. दोन्हीकडे निर्णय मात्र त्याच आकड्यावर घेतले जातात.

व्हायवॅक्स हिवतापाबाबत तर हा आकडा आणखी अपुरा पडतो. या जातीचा परजीवी यकृतात सुप्त राहतो आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा चावा न बसताही, पुन्हा रक्तात उतरतो. पापुआ न्यू गिनीतील मुलांवरील एका अभ्यासात व्हायवॅक्सच्या सुमारे ८० टक्के संसर्गांचे मूळ अशा सुप्त परजीवीत असल्याचे दिसले. तिथे डासांचे चावे थांबले तरी काही काळ रुग्ण येत राहतील, आणि यकृतातला परजीवीही मारणारे समूळ उपचार पूर्ण झाले नाहीत तर उरलेल्या मोजक्या डासांना परजीवीचा पुरवठा चालूच राहील. ज्या प्रतिमानात यकृतातला हा साठा धरलेला नाही, ते व्हायवॅक्सच्या नियोजनासाठी वापरू नये, मग त्याचे आलेख कितीही देखणे असोत.

आलेखांचा विषय निघालाच आहे तर माझ्या व्यवसायबंधूंविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपला आमच्यावरचा अविश्वास सर्वस्वी अनाठायी नाही. आम्ही मंडळी पुष्कळदा एका ठिकाणी मोजलेला डासांचा जगण्याचा दर दुसऱ्या ठिकाणासाठी उसना घेतो, वाटलेली प्रत्येक मच्छरदाणी रात्री वापरली जाते असे गृहीत धरतो, घराबाहेर संध्याकाळीच चावणाऱ्या डासांना समीकरणातून गाळतो, आणि शेवटी एक ठाशीव रेघ काढून तिच्या टोकाला निर्मूलनाचे वर्ष लिहितो. आफ्रिकेतील १२१ वस्त्यांसाठी २००७ मध्ये काढलेले मूलभूत अंक सुमारे १ पासून ३,००० च्या वरपर्यंत पसरलेले होते. इतकी विविधता असताना संपूर्ण देशासाठी एकच अंक सांगणाऱ्या सल्लागाराला आपण परत पाठवावे, हेच योग्य. एका वस्तीतही चावे सारखे वाटले जात नाहीत. थोड्या घरांच्या वाट्याला ते फार जास्त येतात, आणि प्रसार चालू ठेवायला तेवढी घरे पुरतात.

तरीही प्रतिमान टाकून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कोणत्याही तक्त्यात शेजारी शेजारी ठेवलेले दोन पर्याय निवडताना आपण मनातल्या मनात एक प्रतिमान वापरतच असतो. फरक इतकाच की त्याची गृहीतके लिहिलेली नसतात, म्हणून ती तपासताही येत नाहीत. आम्हाला विचारायचा प्रश्न बदलला तर आमचा उपयोग वाढेल. हिवताप कोणत्या वर्षी संपेल, हे आम्हाला विचारू नये. त्याचे उत्तर आमच्याकडे नाही. या वर्षी फवारणी आणि मच्छरदाण्या यांपैकी एकच परवडत असेल तर कोणत्या भागात कोणते, पुरवठा तीन महिने लांबला तर किती नुकसान, फवारणी थांबवल्यास पहिला इशारा कोणत्या मोजणीत दिसेल, असे तुलनेचे प्रश्न विचारावेत. तुलनेत पुष्कळशा चुका दोन्ही बाजूंना सारख्या राहतात, त्यामुळे क्रम बऱ्याचदा टिकतो. हिवतापावरील आरटीएस,एस लसीचा संभाव्य लाभ काढताना स्वतंत्र गटांच्या चार प्रतिमानांना एकच माहिती देऊन त्यांची उत्तरे शेजारी ठेवण्यात आली आणि २०१६ मध्ये ती एकत्र प्रसिद्ध झाली. त्यांचे आकडे वेगळे होते, आणि कुठे व का वेगळे होते हेही दिसत होते. धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती असेच काहीतरी पडले पाहिजे.

आता प्रत्यक्ष मागण्यांकडे येतो. प्रत्येक विभागासाठी संक्रमणक्षमतेचा अंदाज, म्हणजे नियंत्रण नसते तर प्रसार किती झाला असता हा अंदाज, निधीवाटपाच्या तक्त्यात रुग्णसंख्येच्या शेजारी लिहिला जावा, आणि तो एका आकड्याऐवजी खालची व वरची मर्यादा देऊन लिहावा. नियंत्रण सुरू होण्यापूर्वीच्या जुन्या नोंदी, वाहक डासांच्या जाती, तापमान व पावसाचे वार्षिक चक्र आणि वस्तीची घडण यांवरून असा अंदाज बांधता येतो. तो ढोबळ असेल, पण ढोबळ असूनही दहापट फरक असलेले विभाग वेगळे करायला तो पुरेसा असतो. ज्या विभागात संक्रमणक्षमता जास्त आणि रुग्ण कमी आहेत, तिथला निधी 'यशस्वी' असा शेरा मारून कापला जाऊ नये. जिथे क्षमताही कमी आणि रुग्णही कमी आहेत, तिथे सरसकट फवारणी कमी करून तो पैसा शोध आणि उपचारांकडे वळवण्यास माझा आक्षेप नाही. उलट तसे व्हावे, कारण निधी मर्यादित आहे आणि कुठून तरी वाचवावे लागणारच.

दुसरे, कीटकशास्त्रीय पथकांच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत. डासांचे आयुष्य, चावण्याची वेळ, घरात की बाहेर, आणि कीटकनाशकाला प्रतिकार या चार गोष्टी मोजणारे लोक ही कार्यक्रमाची पहिली सूचनायंत्रणा आहे, पण रुग्ण घटले की खर्चकपातीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. डासांच्या जातींवर त्यांची नजर नसेल तर ॲनोफिलीस स्टीफेन्सीसारखा डास शहरात शिरल्याचे रुग्ण वाढल्यावरच कळते. २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती या देशात हा डास आढळल्यापासून तिथे हिवताप किती वेगाने वाढला, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच कारणासाठी निगेटिव्ह आलेल्या रक्तनमुन्यांची संख्याही रुग्णसंख्येइतक्याच काळजीने नोंदली जावी. किती तपासले हे माहीत नसेल, तर किती सापडले या आकड्यावरून कोणतेही प्रतिमान काहीही सिद्ध करू शकते.

तिसरे, कोणत्याही विभागातील फवारणी किंवा मच्छरदाणी वाटप थांबवण्यापूर्वी थांबवण्याचा नियम लेखी ठरवावा: कोणती मोजणी कोणत्या पातळीपर्यंत गेली तर उपाय पुन्हा सुरू होतील, किती दिवसांत सुरू होतील, आणि त्यासाठीचा पैसा कोणत्या शीर्षाखाली राखून ठेवला आहे. परजीवीची एक पिढी साधारण महिना-दोन महिन्यांची धरली, तर निर्णयापासून फवारणीपर्यंत सहा महिने लागणारी यंत्रणा तीन ते सहा पिढ्या मागे राहते, आणि अंक जिथे मोठा आहे तिथे एवढा उशीर पुरेसा घातक ठरतो. राखीव निधीची रक्कम काढायला प्रतिमान वापरता येते, आणि खरे सांगायचे तर प्रतिमानाचा सर्वांत कमी वादग्रस्त उपयोग हाच आहे.

प्रतिमाने कोणी तयार केली, त्यांत कोणती माहिती वापरली आणि कोणती गृहीतके धरली हे सारे निर्णयाच्या कागदपत्रांसोबत जोडले जावे, म्हणजे वर्षभराने प्रत्यक्ष नोंदी आल्यावर अंदाज कुठे चुकला हे दुसऱ्या कोणालाही तपासता येईल. यासाठी वेगळी संस्था उभारण्याची गरज नाही. सध्याच्या वार्षिक आढाव्यात एक जोडपत्र वाढवले तरी पुरे. पुढील वर्षाचे निधीवाटप निश्चित होण्यापूर्वी, ज्या विभागांत गेल्या तीन वर्षांत रुग्ण घटले म्हणून कपात प्रस्तावित आहे त्यांची यादी संक्रमणक्षमतेच्या अंदाजासह जाहीर करावी, आणि अंदाज नसेल तर तो मिळेपर्यंत कपात स्थगित ठेवावी, ही विनंती आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
साथरोगांच्या गणिताचा एक अभ्यासक